वाहतूक-दंडाच्या नोंदी : शोध, अर्थ आणि निरसन

शासनाच्या दंडशक्तीशी सामान्य नागरिकाची गाठ पडते ती बहुधा रस्त्यावरील चौकात. पूर्वी ही गाठ समोरासमोर पडत असे. हवालदार वाहन थांबवी, कसूर सांगे, पावती फाडून हाती देई. वाद घालावयाचा झाल्यास तो तेथल्या तेथे घालता येई. आज महाराष्ट्रातील शहरांत पुष्कळशा कसुरींची नोंद कॅमेऱ्याने किंवा पोलिसाच्या हातातील यंत्राने होते, आणि तिची वार्ता वाहनमालकास मोबाइलवरील संदेशाने कळते. कित्येकदा ती कळतही नाही. पुढे वाहन विकावयास काढले किंवा लोकअदालतीची नोटीस आली, म्हणजे कित्येक वर्षांची थकबाकी एकदम समोर उभी राहते. अशा वेळी नोंद शोधावी कोठे, विधिदृष्ट्या तिचा अर्थ काय, आणि ती निकालात काढण्याचे मार्ग कोणते, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. लोकप्रशासनाच्या अभ्यासकास या विषयात दुहेरी रस आहे. या नोंदी त्याच्या संशोधनाची सामग्री आहेत, आणि आरोप व दोष यांतील भेद प्रत्यक्ष व्यवहारात कितपत पाळला जातो, हे पाहण्याचे त्या एक उत्तम स्थळही आहेत.

१. चलानाचे स्वरूप

चलान हा आरोप होय. तो निर्णय नव्हे. हे सूत्र ध्यानात ठेवले असता पुढील सर्व विवेचन सुगम होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम २०० अन्वये काही ठरावीक अपराधांबाबत, राज्य शासनाने अधिसूचनेने ठरविलेली रक्कम घेऊन, अधिकृत अधिकाऱ्यास प्रकरण मिटविता येते. या रकमेस व्यवहारात ‘दंड’ म्हणतात. परंतु काटेकोरपणे बोलावयाचे तर ते तडजोड शुल्क आहे. दंड ठोठाविण्याचा अधिकार न्यायालयाचा. पोलीस खाते तडजोडीचा प्रस्ताव करते. नागरिकाने तो स्वीकारला तर प्रकरण संपते, न स्वीकारला तर ते न्यायालयापुढे जावयास हवे.

कायद्यातील कमाल शिक्षा आणि तडजोड शुल्क या दोन रकमा सारख्याच असतील असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील दंडविषयक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. तीत कलम १७७ च्या सर्वसाधारण अपराधास पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत, तर हेल्मेट न घालण्यास कलम १९४-ड अन्वये १,००० रुपये दंड व तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा ठरली. महाराष्ट्राने आपले सुधारित तडजोड शुल्क मात्र डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. म्हणून जुन्या चलानाची रक्कम तपासताना कसूर घडली त्या दिवशी कोणती अधिसूचना अमलात होती, हे प्रथम पाहावे.

२. नोंद कोठे सापडते

एकाच कसुरीची नोंद एकाहून अधिक ठिकाणी असू शकते, आणि या ठिकाणांचा परस्परांशी मेळ तत्काळ बसतोच असे नाही. पहिले स्थान म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ. तेथे वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक दिले असता प्रलंबित व भरलेली चलाने दिसतात. दुसरे स्थान केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘परिवहन’ व्यवस्थेतील ई-चलान विभाग. तेथे चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा लायसन्सचा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. परराज्यात झालेल्या कसुरीसाठी हे स्थान विशेष उपयोगी पडते. तिसरे स्थान आभासी न्यायालय, व चौथे नियमित न्यायालय. पोलिसांच्या यादीत चलान न्यायालयाकडे पाठविल्याचा शेरा असेल, तर शोध या शेवटच्या दोन ठिकाणी करावा लागतो.

चासी व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे लोक ज्यास ‘आरसी बुक’ म्हणतात त्यावर, असतात. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक पुढे बदलला असेल, तर संदेश जुन्याच क्रमांकावर जातात. थकबाकी साचण्याचे हे एक साधे कारण आहे, आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी क्रमांक सुधारून घेणे हा त्यावर तितकाच साधा उपाय आहे. चलानाच्या नावाखाली फसवे दुवे पाठवून पैसे लुबाडण्याचे प्रकारही होतात. यास्तव संदेशातील दुव्यावरून कधीही पैसे भरू नयेत. ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणाऱ्या शासकीय पत्त्यावर स्वतः जाऊन नोंद पडताळावी.

३. नोंदीची परीक्षा

नोंद सापडली म्हणजे ती खरी ठरली असे नाही. इतिहासाचा अभ्यासक कागदाची जशी अंतर्गत व बाह्य परीक्षा करतो, तशीच येथेही करावी. ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यानुसार यांत्रिक साधनाने नोंदविलेल्या कसुरीच्या चलानात अपराध व क्रमांकपाटी स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले मोजमाप, दिनांक, वेळ, स्थळ आणि भंग झालेले कलम असावयास हवे. कसुरीची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठविली जावी. आणि प्रकरण निकालात निघेपर्यंत नोंद जपून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब प्रमाणे दिले जाई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे.

व्यवहारात चार प्रकारचे दोष विशेषेकरून पाहावेत. पहिला, क्रमांकपाटीचे चुकीचे वाचन : ‘बी’ हे अक्षर आणि आठ हा आकडा यंत्रास सारखे वाटू शकतात. दुसरा, बनावट पाटी : छायाचित्रातील वाहनाचा रंग, बनावट वा प्रकारच निराळा असेल, तर ते छायाचित्र हाच मालकाचा बचाव होय. तिसरा, विकलेले वाहन : कलम २ (३०) ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे त्यास सामान्यतः मालक मानते, आणि कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्री विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. केवळ सहीच्या कोऱ्या अर्जांवर वाहन हातोहात जाते, त्याची झळ पहिल्या मालकास वर्षानुवर्षे लागत राहते. चौथा, चालक निराळा असणे : कॅमेरा वाहन ओळखतो, चालक ओळखत नाही. कलम १३३ मालकावर चालकाची माहिती देण्याचे कर्तव्य घालते. ती माहिती दिली असता आरोप योग्य व्यक्तीकडे वळविता येतो. चालक अज्ञान असल्यास मात्र कलम १९९-अ पालकास वा मालकासच जबाबदार धरते, आणि शिक्षा तीन वर्षे कारावास व २५,००० रुपये दंड इतकी कडक आहे.

४. निरसनाचे मार्ग

नोंद बिनचूक असून कसूर मान्य असेल, तर शुल्क भरणे हा सरळ मार्ग. कलम २०० (२) प्रमाणे त्यानंतर त्या अपराधाबद्दल पुढील कार्यवाही होत नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने येथे एक महत्त्वाची अट जोडली आहे : तडजोडीने मिटलेला अपराधही, तसाच अपराध पुन्हा घडल्यास, ‘पूर्वीचा अपराध’ म्हणून मोजला जातो. चूक आपली नसताना केवळ कटकट नको म्हणून पैसे भरणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या पाचशे रुपयांत उद्याच्या वाढीव शिक्षेची पायरी दडलेली असू शकते.

नोंद सदोष असेल, तर दुसरा मार्ग हरकतीचा. संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीने अथवा संबंधित वाहतूक शाखेकडे लेखी अर्जाने, चलान क्रमांक, छायाचित्र, नोंदणी प्रमाणपत्र व हस्तांतराचे कागद जोडून, ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

तिसरा मार्ग न्यायालयाचा. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूर येथे वाहतूक-प्रकरणांसाठी आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. येथे न्यायाधीश चलान पाहून दंडाची रक्कम ठरवितात. नागरिक ती भरू शकतो किंवा आरोप नाकारू शकतो, आणि नाकारल्यास खटला नियमित न्यायालयाकडे जातो. साधन नवे असले तरी कल्पना जुनी आहे. १९३९ च्या मोटार अधिनियमातील कलम १३० ने आरोपीस नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठविण्याची मुभा दिली होती. तीच आज कलम २०८ मध्ये आढळते.

चौथा मार्ग लोकअदालतीचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार तेथील निवाडा अंतिम असतो व त्याविरुद्ध अपील चालत नाही. तथापि दाखलपूर्व प्रकरणातील नोटीस हे तडजोडीचे निमंत्रण असते. ते समन्स नव्हे. तडजोड उभय पक्षांच्या संमतीवाचून होत नाही.

या ठिकाणी मुदतीचा प्रश्न उपस्थित होतो. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या अपराधाची दखल घेण्यास सहा महिन्यांची मर्यादा आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मधील हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरविल्याप्रमाणे ही मुदत मोजताना फिर्याद दाखल झाल्याचा दिवस धरावयाचा. न्यायालयास योग्य कारणास्तव विलंब क्षमापित करता येतो, हेही खरे. परंतु मुदत टळली म्हणून संगणकातील नोंद आपोआप पुसली जात नाही. फिर्याद कधीच दाखल न झालेल्या चार वर्षांपूर्वीच्या चलानाचा आकडा मालकाच्या नावापुढे तसाच दिसत राहतो, आणि वस्तू पोहोचविण्याच्या कामावर पोट असणारा तरुण तो ‘कर्ज’ समजून भरतो. कायद्याने ज्याची मर्यादा आखली, ते प्रशासनाच्या दप्तरात अमर्याद होऊन बसते.

५. अभ्यासकांस काही सूचना

या नोंदींवर संशोधन करणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. चलानांची संख्या म्हणजे कसुरींची संख्या नव्हे. ती अंमलबजावणीची मोजदाद आहे. जेथे कॅमेरे अधिक, तेथे चलाने अधिक, एवढ्यावरून तेथील लोक अधिक बेशिस्त ठरत नाहीत. दुसरे, ‘प्रलंबित’ या एकाच शब्दाखाली न कळलेली, अमान्य केलेली, न्यायालयात गेलेली आणि मुदतबाह्य झालेली अशी भिन्न प्रकरणे एकत्र येतात. त्यांचे पृथक्करण केल्यावाचून वसुलीच्या टक्केवारीस अर्थ नाही. तिसरे, माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या अधिनियमान्वये, अर्ज करताना वैयक्तिक नोंदी न मागता ठाणेवार, कलमवार व वर्षवार एकत्रित आकडे मागावेत. व्यक्तिगत माहितीस कायद्याचे संरक्षण आहे आणि ते उचितच आहे.

रस्त्यावरील शिस्त ही जिवाशी गाठ असलेली बाब असल्यामुळे दंडाची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु दंडाचा धाक जसा नियमपालनास हवा, तसाच नोंदीच्या खरेपणाचा भरवसा त्या धाकाच्या नैतिक बळास हवा. ज्यास आपली नोंद पाहता येते, तपासता येते आणि तिच्यावर म्हणणे मांडता येते, तो नागरिक दंड भरतानाही कायद्याचा आदर करतो. प्रत्येक वाहनधारकाने वर्षातून दोनदा आपली नोंद पाहावी, आणि प्रत्येक वाहतूक शाखेने मुदतबाह्य व सदोष नोंदी ठरावीक काळाने काढून टाकाव्यात. ही दोन कामे नियमाने झाली, तर या क्षेत्रातील पुष्कळसे तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.