ओंडक्यांनी आखलेल्या वाटा

पॅरिसच्या आग्नेयेला, बर्गंडी प्रांताच्या मधोमध मोर्व्हाँ नावाचा ग्रॅनाइटचा डोंगराळ मुलूख आहे. ओ-फोलँ हे त्याचं सर्वांत उंच शिखर, ९०१ मीटरचं. उंचीच्या आकड्याने भुलून इथे कोणी येत नाही. येतात ते जंगलासाठी, तळ्यांसाठी आणि अलीकडे इथल्या कच्च्या वाटांसाठी. रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल घेऊन अव्हालाँहून ओतँपर्यंत जायचं, वाटेत सेतोंचं तळं, आनो गाव आणि बव्हरे डोंगर घ्यायचा, अशी भटकंती युरोपातल्या सायकलस्वारांच्या आवडीची झाली आहे. या वाटा म्हणजे नव्या खेळाची आणि मोबाइलवरच्या नकाशांची देणगी, असा समज सर्रास आढळतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पॅरिसच्या चुलींना लागणाऱ्या जळाऊ लाकडाने या वाटा आखल्या, आणि आजही त्या टिकून आहेत त्या वापरामुळे. लाकडाची ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला कोणती वाट सायकलीला मानवेल, कोणती चिखलात रुतवेल आणि कोणती उद्या नाहीशी होईल, हे बरंचसं आधीच सांगता येतं.

सायकलीबद्दल थोडक्यात. ग्रॅव्हल सायकलला शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असतं, टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे, हवा कमी आणि चढासाठी हलके गिअर. शर्यतींच्या रूपात हा प्रकार अमेरिकेत गाजला. कॅन्ससमधली प्रसिद्ध शर्यत २००६ साली सुरू झालेली, आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ची. पण सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (१८५३–१९३०) अनेक गिअरांचा आणि डोंगरी भटकंतीचा पुरस्कार फार आधीपासून करत होता, आणि १९३०च्या दशकात फ्रेंच कारागीर रुंद टायरच्या हलक्या सायकली घडवत होते. इतकं पुरे. सायकलीपेक्षा तिच्याखालची वाट अधिक बोलकी आहे.

सोळाव्या शतकात पॅरिसभोवतालचं जळण संपत आलं, तेव्हा नजर मोर्व्हाँकडे वळली. लाकूड मुबलक होतं, नेणार कसं हा प्रश्न होता. उत्तर पाण्याने दिलं. १५४९ साली जाँ रूव्हे या व्यापाऱ्याने योन नदीतून लाकूड पॅरिसला नेलं, असं परंपरा सांगते. योनेकाठच्या क्लामसी गावात त्याचा अर्धपुतळा आहे. पुढची तीन शतकं ही व्यवस्था अशी चालली. हिवाळ्यात झाडं तोडायची, मीटरभराहून थोडे लांब ओंडके करायचे, ते ओढ्याकाठी रचायचे आणि प्रत्येकाच्या टोकावर हातोड्याने व्यापाऱ्याची खूण उमटवायची. वरच्या बाजूला बांध घालून पाणी साठवलेलं असे. ठरल्या दिवशी ते सोडलं, की ओंडके सुटे सुटे लोंढ्याबरोबर निघत आणि काठाकाठाने चालणारी माणसं लांब आकड्यांनी अडकलेले ओंडके मोकळे करत. योनेचं लाकूड क्लामसीला अडवत, क्यूर नदीचं व्हेर्मांतोंला. तिथे ते बाहेर काढून खुणेप्रमाणे वेगळं करायचं, वाळवायचं आणि मग त्याचे सत्तरेक मीटर लांबीचे तराफे बांधून पॅरिसला न्यायचे. आज ज्याच्या काठाने सायकलींची रहदारी असते ते सेतोंचं तळंही याच धंद्याचं अपत्य आहे. क्यूरला हवं तेव्हा पाणी मिळावं म्हणून घातलेला त्याचा ग्रॅनाइटचा बांध १८५८ साली पुरा झाला. तोवर दगडी कोळसा आणि रेल्वे येऊन पोचली होती. तराफे एकोणिसाव्या शतकातच थांबले आणि सुटे ओंडके सोडणंही १९२०च्या दशकात संपलं. गांधीजींचं चरित्र १९२४ साली फ्रेंच वाचकांपुढे ठेवणारे रोमाँ रोलाँ याच क्लामसीत १८६६ साली जन्मले. ओंडके आणि तराफे यांच्यावर जगणाऱ्या गावाचं ते लेकरू.

आता वाटांकडे वळू. ओंडका ओढ्यापर्यंत पोचवायचा तर बैल लागत. मोर्व्हाँचे गाल्व्हाशे, म्हणजे बैलजोड्या घेऊन भाड्याने ओढकाम करणारे गाडीवान, त्यासाठी प्रसिद्ध होते. उन्हाळ्याचे महिने ते दूरदूरच्या प्रांतांतही कामाला जात. आनोला त्यांचं संग्रहालय आहे. भरली गाडी खड्या उतारावर आवरत नाही आणि खड्या चढावर हलत नाही, म्हणून गाडीवाट डोंगराच्या कुशीने, वळसे घेत, सोसवेल अशा उताराने जाते. सामान लादलेल्या सायकलची गरज नेमकी हीच आहे. त्यात ग्रॅनाइटची साथ. हा खडक झिजून त्याचा भरड वाळूसारखा चुरा होतो, आपल्याकडच्या मुरमाची आठवण करून देणारा. पाणी त्यातून झिरपून जातं आणि पावसानंतरही चाक फिरतं. मोर्व्हाँची हद्द ओलांडून पूर्वेला ओझ्वाच्या चिकणमातीत शिरलं, की त्याच पावसात टायरला गोळे चिकटतात. बिब्राक्त हे प्राचीन गॉल लोकांचं शहर बव्हरे डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी होतं, मग वाटा लाकडाने आखल्या हे कसं, असा आक्षेप रास्त आहे. जुने रस्ते होतेच. पण ते वस्तीला वस्ती जोडत. माणूस ज्या दरीत एरवी उतरला नसता तिथपर्यंत गेलेल्या, ओढ्याशी येऊन थांबणाऱ्या वाटांचं दाट जाळं हे जळणाचं काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. आज सायकलला सर्वांत सोयीचे रुंद, एकसारख्या उताराचे रस्ते हे लाकूडवाहू ट्रकांसाठी केलेले आहेत. १९४६च्या राष्ट्रीय वननिधीनंतर मोर्व्हाँमध्ये जुनी ओक-बीचची राई तोडून अमेरिकन डग्लस फर रांगांनी लावला गेला, आणि आता तो डोंगरच्या डोंगर उघडे करत कापला जातो. या नासाडीतून निघालेल्या रस्त्यांचं कौतुक कशाला? नासाडी खरी आहे. तिच्याविरुद्ध लोकांनी २००३ साली एकत्र येऊन, पानझडी जंगल विकत घेऊन वाचवणारी संस्थाही काढली. पण म्हणूनच या रस्त्यांनी गेलं पाहिजे असं मला वाटतं. ओकच्या सावलीतून निघून फरच्या काळोखात, आणि तिथून एकदम बोडक्या उतारावर, हे तासाभरात दाखवणारं दुसरं साधन नाही. मोटारीला इथे सहसा मज्जाव असतो, पायी माणसाला तेवढं अंतर तासाभरात कापवत नाही. खडतर वाटाच शोधणाऱ्या माउंटन बाइकला तर अशा साध्या रस्त्यात रसच नसतो.

राहिला पायी फिरणाऱ्यांचा आक्षेप, की सायकली वाटा उखडतात. ओल्या उतारावर ब्रेक दाबून घसरत जाणारं चाक माती ओरबाडतं, हे नाकारता येणार नाही. चिंचोळ्या पायवाटा पावसाळी दिवसांत पायी माणसांना सोडाव्यात. पण वाटेचा खरा शत्रू निराळा आहे. फ्रान्समधलं सुमारे तीन चतुर्थांश जंगल खासगी मालकीचं आहे, आणि फेब्रुवारी २०२३च्या कायद्याने फलक लावलेल्या खासगी रानात शिरणं दंडनीय ठरलं आहे. मोबाइलवरची रेघ मालकी सांगत नाही. सर्वांना हक्काने खुल्या आहेत त्या गावाच्या मालकीच्या ‘शमँ रूराल’, आपल्या भाषेत पाणंद रस्ते. फ्रेंच कायद्यात अशी वाट सार्वजनिक ठरते ती मुख्यतः वापराने. लोकांची ये-जा चालू असेल, तर ती सार्वजनिक वापराची आहे असं गृहीत धरलं जातं. ये-जा थांबली, काटेरी झुडपं माजली, की गावाला चौकशीची प्रक्रिया पुरी करून ती विकून टाकता येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीन-एकत्रीकरणात अशा असंख्य वाटा नांगराखाली गेल्या. बैल गेले, गाल्व्हाशे गेले, ओंडके ट्रकवर चढले. अशा वाटेवर आज नेमाने ये-जा करतं ते सायकलचं चाक आणि भटक्याचं पाऊल. ते तिथे पडतं, म्हणून ती वाट गावाची राहते.

म्हणून मोर्व्हाँला, किंवा फ्रान्सच्या कुठल्याही रानात, सायकल घेऊन जाणाऱ्या वाचकाला एवढंच सांगणं आहे: मार्ग आखताना जमीनमोजणीचा नकाशा उघडा. तो त्या-त्या गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, पाहायला मिळतो आणि त्यावर शमँ रूराल बहुधा नावानिशी दाखवलेली असते. ट्रकचा गुळगुळीत रस्ता आणि अशी पाणंद यांत निवड करायची वेळ आली, तर दोन-चार किलोमीटर जास्त पडले तरी पाणंदीनेच जा.