एक भाषा, अनेक यंत्रे

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, त्यापूर्वी आपल्या देशात ‘शेर’ हा शब्द बहुतेक सर्व बाजारपेठांतून चालत असे. शेराचे वजन मात्र सर्वत्र सारखे नसे. म्हणून शहाणा व्यापारी सौदा ठरविताना प्रथम विचारी, ‘हा शेर कोठला?’ शब्द एक आणि माप निराळे, ही अडचण पुढे गणकयंत्रांच्या जगातही उद्भवली. ती कशी उद्भवली, आणि आपल्या देवनागरी लिपीशी तिचा संबंध कसा आला, ते आज पाहावयाचे आहे.

गणकयंत्राला केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक उमगतात. या अंकांनी बनलेल्या आज्ञा प्रत्येक जातीच्या यंत्रात वेगळ्या असतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली प्रथम रचली, ती पीडीपी-७ या एका यंत्राच्या आज्ञांतच. असे लेखन त्या यंत्राशी जखडलेले असते. यंत्र मोडीत निघाले की लेखनही निरुपयोगी ठरते. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात ‘सी’ नावाची भाषा घडविली, आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा या भाषेत नव्याने लिहिला गेला. १९७८ च्या सुमारास तीच प्रणाली इंटरडेटा ८/३२ या सर्वस्वी निराळ्या घडणीच्या यंत्रावर चालू लागली. मूळ संहिता बहुतांशी तीच राहिली. बदलला तो मुख्यत्वे दुभाषी. सी भाषेतील मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या या दुभाष्याला कंपायलर म्हणतात.

सी भाषेची घडण साधी आहे. कार्यक्रमाचा आरंभ ‘मेन’ नावाच्या विभागापासून होतो. त्यातील विधाने महिरपी कंसांत बसतात आणि प्रत्येक विधान अर्धविरामाने संपते. कोणतीही वस्तू वापरण्यापूर्वी तिचा प्रकार जाहीर करावा लागतो: पूर्णांकासाठी ‘इंट’, अक्षरासाठी ‘कॅर’. शेराची गोष्ट आठवावी ती येथेच. पीडीपी-११ यंत्रावर इंट १६ द्विअंकांचा होता, तर इंटरडेटावर ३२ द्विअंकांचा. सोळा द्विअंकांत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एखाद्याच्या खात्यावरील ४०,००० रुपये अशा इंटमध्ये घातले, तर बहुधा तेथे उणे २५,५३६ अशी रक्कम दिसेल. ठेवीदार क्षणात कर्जदार होईल, आणि यंत्र मात्र तक्रारीचा एक शब्दही काढणार नाही.

दुसरी अडचण क्रमाची. काही यंत्रे मोठ्या संख्येचा खालचा भाग आधी ठेवतात, काही वरचा. त्यामुळे एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर नेताना ‘युनिक्स’ या शब्दाची रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नुक्सी’ अशी उमटत. जाणकार आजही या दोषाला ‘नुक्सी’च म्हणतात.

आता दिल्लीकडे वळू. येथील बहादूरशहा जफर मार्गावरील मानक भवनात भारतीय मानक ब्यूरोचे मुख्यालय आहे. या ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ हे मानक प्रसिद्ध केले. त्यालाच ‘इस्की’ असे म्हणतात. भारतीय लिप्यांतील प्रत्येक अक्षराला त्यात एक क्रमांक दिला होता. या कामामागे आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचा अनुभव होता. त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा आहे. रोमन अक्षरांनी १२७ पर्यंतचे क्रमांक अगोदरच व्यापले होते, म्हणून आपल्या अक्षरांना त्यावरची जागा मिळाली. ‘क’ चा क्रमांक १७९ ठरला.

सी भाषेतील ‘कॅर’ हा प्रकार ऋण संख्या धरू शकतो की नाही, हे मात्र भाषेच्या मानकाने मुद्दाम दुभाष्यावर सोपविले आहे. रोमन लिपीपुरते पाहिले तर त्याने काही बिघडत नाही. पण आपला ‘क’ एका यंत्रावर १७९ राहतो आणि दुसऱ्यावर उणे ७७ होतो. अक्षरांच्या तक्त्यात १७९ वे घर शोधणारा कार्यक्रम उणे ७७ वे घर शोधू लागला, तर तो तक्त्याबाहेरच भटकणार. यावरचा उपाय एका शब्दाचा आहे: ‘कॅर’पूर्वी ‘अनसाइन्ड’ लिहावे, म्हणजे ऋण संख्येचा संभवच उरत नाही. इंग्रजीपुरता विचार करून लिहिलेला कार्यक्रम इंग्रजीत निर्दोष चालतो आणि मराठीत अडखळतो, त्याचे एक कारण हे आहे.

पुढे युनिकोड आले. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट व्यापतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा संकेत आहेत. इस्कीत त्यांना १० बाइट पुरत. आता ३० लागतात. सी भाषेतील ‘स्ट्रलेन’ला लांबी विचारली तर ती ३० हेच उत्तर देईल, कारण ती अक्षरे मोजीत नाही, बाइट मोजते. जुन्या नोंदवहीत नावासाठी २० बाइटांची जागा असेल, तर सहा संकेत पुरते बसतील आणि सातवा मध्येच तुटेल. शिधापत्रिकेवर किंवा मतदारयादीत नाव असे तुटले, तर त्याचा भुर्दंड नागरिकालाच पडतो.

या अनुभवातूनच मानके आली. १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक निघाले, ते दहा वर्षे प्रमाणग्रंथ मानले गेले. १९८८ साली पॉसिक्सने युनिक्सच्या सेवांचे नियम बांधले, आणि १९८९ साली अमेरिकेत सी भाषेचे मानक ठरले. १९९९ च्या सुधारित मानकात नेमक्या मापाचे पूर्णांक आले. ‘इंट३२_टी’ म्हटले की तो ३२ द्विअंकांचाच. शेर कोठला, असे विचारण्याचे कारण राहिले नाही.

तरीही एक जुने देणे बाकी आहे. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. जुन्या यंत्रांवर ही मोजणी ३२ द्विअंकांत होते, आणि ते मोजमाप १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. त्यापुढच्या सेकंदाला असे यंत्र १९०१ साल दाखवू लागेल. नव्या प्रणालींनी ६४ द्विअंकांची सोय केली आहे. परंतु ज्या कार्यक्रमांत जुने माप गृहीत धरले आहे, ते शोधून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नाही.

सारांश असा की, केवळ भाषा एक असल्याने लेखन सर्वत्र चालत नाही. मापे उघड सांगावी लागतात, आणि आपल्या गावाबाहेरही वाचणारे आहेत हे लिहिताना ध्यानी ठेवावे लागते. मग ते वाचणारे यंत्र असो वा मराठी नावाचा नागरिक.