गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी: स्वतः घेतलेलं सॅम्पल कितपत भरवशाचं?

भारतीय महिलांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनंतर सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा, म्हणजेच सर्व्हायकल कॅन्सर. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला.

हा कॅन्सर होण्याआधीच्या टप्प्यावर ओळखता येतो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के महिलांनी कधी ना कधी याची तपासणी केली होती. अनेकींना आतून तपासून घेण्याचा संकोच वाटतो. म्हणूनच सॅम्पल स्वतःच घेण्याचा पर्याय पुढे आला. पण त्यावर विश्वास ठेवायचा का?

सॅम्पल कसं घेतात?

किटमध्ये मऊ ब्रश किंवा कापसाच्या काडीसारखा स्वॅब असतो. तो योनीमार्गात सरकवून काही सेकंद फिरवायचा आणि नळीत बंद करून लॅबला द्यायचा. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचण्याची गरज नसते.

मग निदान कसं होतं?

या कॅन्सरच्या जवळपास सर्व केसेसमागे एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. या विषाणूचा डीएनए योनीमार्गातल्या स्रावातही सापडतो. लॅब तोच शोधते.

पॅप स्मिअरचं तसं नाही. त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यामुळे ते सॅम्पल डॉक्टर किंवा नर्सनेच घ्यावं लागतं.

अभ्यास काय सांगतात?

२०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ५६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. चाचणी पीसीआर पद्धतीची असेल तर कॅन्सरपूर्व बदल पकडण्यात स्वतः घेतलेलं आणि डॉक्टरांनी घेतलेलं सॅम्पल जवळपास सारखंच ठरलं. दुसऱ्या, सिग्नल ॲम्प्लिफिकेशन प्रकारच्या चाचण्यांमध्ये मात्र स्वतः घेतलेलं सॅम्पल सुमारे १५ टक्क्यांनी कमी पडलं. म्हणजे सॅम्पल कोणी घेतलं यापेक्षा ते कोणत्या चाचणीने तपासलं, हे जास्त महत्त्वाचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राधान्य दिलं आणि त्यासाठी स्वतः घेतलेलं सॅम्पलही चालेल असं सांगितलं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून तपासणीला पात्र प्रत्येक महिलेला हा पर्याय मिळतो.

एचपीव्ही चाचणीचा मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरमुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे सॅम्पल आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलं होतं. पण एकदाच केलेली चाचणीही किती उपयोगी ठरते, हे त्यातून दिसलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. पण पुढची तपासणी टाळून चालत नाही आणि ती घरी होत नाही. त्यासाठी दवाखान्यात जावंच लागतं. रिपोर्ट कपाटात ठेवून दिला, तर सॅम्पल कितीही अचूक असलं तरी उपयोग शून्य.

हे लक्षात ठेवा

• सर्वसाधारणपणे तपासणी वयाच्या ३० व्या वर्षापासून सुरू करावी. एचआयव्ही असलेल्या महिलांनी २५ पासून.
• किट घेण्याआधी विचारा: चाचणी पीसीआर पद्धतीची आहे का? स्वतः घेतलेल्या सॅम्पलसाठी ती मान्य आहे का? पॉझिटिव्ह आल्यास पुढे कुठे जायचं?
• सॅम्पल अपुरं असल्याचं लॅबने कळवलं, तर ते पुन्हा द्या. तो निगेटिव्ह रिपोर्ट नसतो.
• एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी करावी.
• शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर किटची वाट पाहू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ही चाचणी त्रास नसलेल्या महिलांसाठी आहे.