उन्हवऱ्याचे ऊन पाणी आणि घरातल्या सर्वांची सहल

घरात सहलीचा विषय निघाला की आमच्या सासूबाईंचे, म्हणजे अम्मींचे, एक वाक्य ठरलेले असते. "तुम्ही सगळे जा, मी घर सांभाळते." आपल्यापैकी पुष्कळ घरांत असे म्हणणारी एक अम्मी, दादी किंवा खाला असतेच. आपणही दोनदा आग्रह करतो, तिसऱ्यांदा गप्प बसतो आणि पिशव्या भरायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अम्मींना बळेच एका बससहलीला नेले होते. एका दिवसात आठ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. अम्मींचे गुडघे दुखरे. पहिल्या ठिकाणी त्या उतरल्या, परत चढताना मागची माणसे खोळंबली, तेव्हा त्यांना लाजल्यासारखे झाले. नंतरच्या सात ठिकाणी त्या खिडकीशी बसून राहिल्या. जेवण हलाल आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून दिवसभर केळी आणि बिस्किटे. असरची वेळ बसमध्येच निघून गेली. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मुलांनी पाहिले ना, झाले मग."

यंदाच्या जानेवारीत मात्र आम्ही वेगळ्या रीतीने गेलो. दापोलीला मुक्काम केला आणि एका दिवसासाठी गाडी ठरवली, चालकासह. चालक त्याच भागातला असावा, त्यानेच वाट दाखवावी आणि माहितीही सांगावी, एवढी एकच अट घातली होती. या एका दिवसाने आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. एक सहलीबद्दलची, आणि दुसरी अशी की जी घरी बसून कळली नसती.

यादीतली चार नावे खोडली

आदल्या रात्री चालकदादा मुक्कामाच्या जागी भेटायला आले. आम्ही सात ठिकाणांची यादी तयार ठेवली होती. त्यांनी यादी हातात घेतली, पण आधी विचारले, "घरात वयस्कर कोण कोण आहे? काकूंना पायऱ्या चढवतात का? नमाज कुठल्या कुठल्या वेळेला थांबायचे? जेवायला काय चालते?" मग त्यांनी चार नावांवर रेघ मारली. हर्णै, आंजर्ले आणि केळशी ही समुद्राकाठची गावे दुसऱ्या दिशेला, ती वेगळ्या दिवशी करा, म्हणाले. पन्हाळेकाजीची लेणीही खोडली. तिथे डोंगराच्या पोटात २९ लेणी कोरलेली आहेत, पण चढउतार काकूंना झेपणार नाही.

आमचा बारा वर्षांचा मुलगा हिरमुसला. लेणी त्याच्याच यादीतली होती. माझ्याही मनात आले की दिवसाचे पैसे देऊन फक्त तीन ठिकाणे? दादा म्हणाले, "ताई, ठिकाणे मोजू नका. सगळ्यांनी खाली उतरून पाहिले तरच ते पाहिले म्हणायचे."

सकाळी फज्रची नमाज पढून, चहा घेऊन निघालो. सासरे, म्हणजे अब्बा, पुढे बसले. गाडी सुरू होणार एवढ्यात आमची धाकटी ओरडली, "दादाजींची एक चप्पल पायरीवरच राहिली!" अब्बांच्या पायातली चप्पल निसटली होती आणि ते एका पायाने अनवाणीच गाडीत येऊन बसले होते. सगळे हसलो. अब्बाही हसले.

जमिनीतून येणारी वाफ

दापोली-खेड रस्त्यावरच्या वाकवलीहून गाडी आत वळली. दापोलीपासून उन्हवरे सुमारे ३५ किलोमीटर, पण रस्ता वळणांचा, त्यामुळे वेळ लागतो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे तांबडे बांध, आंब्याला आलेला मोहोर. दादांनी दोनदा गाडी थांबवली, एकदा अम्मींना पाय मोकळे करायला आणि एकदा मुलांना मोहोर जवळून दाखवायला.

उन्हवऱ्याला पोहोचलो तेव्हा हवेत गारवा होता आणि झऱ्यावर वाफ दिसत होती. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास, तो गंधकाचा. इथले पाणी मुळाशी सुमारे ७० अंश सेल्सिअस असते. कोकणातल्या झऱ्यांत हा फार कडक झरा मानला जातो. पाणी कुंडात येईपर्यंत थोडे निवते, तरी चांगलेच गरम असते. पुरुषांचे कुंड वेगळे, बायकांचे वेगळे. आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी गेलो होतो, त्यामुळे गर्दी नव्हती.

मुलाने विचारले, "इथे खाली ज्वालामुखी आहे का?" दादांनी साध्या शब्दांत समजावले. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोल मुरते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते, किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंश. ते तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. ज्वालामुखी आज इथे कुठेच नाही. कोकणचा काळा कातळ मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच आहे. अशा झऱ्यांची एक रांगच आहे. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, रायगडात पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळचे सव, रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूर. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, त्यावरूनच उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे अशी गावांची नावे पडली.

पृथ्वीवर फिरून निर्मिती पाहा, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना पाठ करून सांगतो. त्या सकाळी मुलगा वाफेकडे टक लावून पाहत उभा होता, तेव्हा वेगळे काही सांगावे लागले नाही.

दहा मिनिटे

मी आणि अम्मी बायकांच्या कुंडाकडे गेलो. सोबत गडद रंगाचे सुती सलवार-कमीज, मोठी ओढणी आणि कोरडे कपडे आणले होते. बायकांतही पडदा राहावा म्हणून पातळ किंवा फिक्या रंगाचे कपडे टाळावेत. आधी तांब्याने थोडे पाणी हातावर, मग पायावर घेतले. अंगाला सवय झाल्यावर अम्मी पायरीवर बसल्या आणि गुडघ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सून, बाहेर कोणी आपल्यासाठी थांबले आहे का?" मी म्हटले, "कोणीही नाही अम्मी, गाडी आपलीच आहे." त्या परत गप्प झाल्या. घड्याळ लावून दहा मिनिटांनी मीच त्यांना वर घेतले. हात धरून चार पावले टाकली आणि म्हणाल्या, "दुखते आहे, पण कमी."

इथे एक सांगायला हवे. गरम पाण्याने सांध्यांचा ताठरपणा काही वेळ हलका होतो. त्याने सांधेदुखी बरी होत नाही. औषधे बंद करून झऱ्याच्या भरवशावर राहू नये.

"मला तर कोमटच लागते"

पुरुषांच्या बाजूला काय झाले ते आमच्या मिस्टरांनी नंतर सांगितले. पाणी जिथून येते त्याच्या जवळच्या कडेला अब्बा बसले आणि त्यांनी पाय आत सोडले. शेजारी मिस्टरांनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. अब्बा मात्र निवांत. म्हणाले, "अरे, मला तर कोमटच लागते."

दादा थोडे मागे उभे होते. ते धावत आले, अब्बांना काखेत धरून मागे ओढले आणि विचारले, "बाबा, शुगर आहे का तुम्हाला?"

अब्बांना मधुमेह आहे, पंधरा वर्षांपासून. पाय बाहेर आले तेव्हा दोन्ही घोटे लालबुंद झाले होते. दादांनी गाडीतला साध्या पाण्याचा कॅन आणला आणि वीस मिनिटे पायांवर संथ धार धरली. मिस्टर टूथपेस्ट शोधू लागले, तर दादांनी अडवले. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही, फक्त साधे पाणी. अल्लाहची कृपा, फोड आले नाहीत. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

मला सकाळची चप्पल आठवली. पायातून चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, याला आम्ही हसलो होतो. जुन्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होत जाते. ठेच, काच, चटका यांपैकी काहीच नीट जाणवत नाही. अब्बांनी नंतर कबूल केले की तळवे बधिर झाल्यासारखे वाटतात, वर्ष होत आले. "वय झाले, असे समजलो. तुम्हाला कशाला काळजीत टाकायचे," म्हणाले.

घरी परतल्यावर त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यांना ठिकठिकाणी टेकवून तपासले. कित्येक ठिकाणी अब्बांना स्पर्श कळला नाही. आता रोज रात्री अम्मी त्यांचे तळवे पाहतात, अनवाणी चालणे बंद आहे, आणि वुजूचे गरम पाणी आधी दुसरे कोणीतरी हाताने पाहते. तुमच्या घरात मधुमेहाचे जुने रुग्ण असतील तर सहलीला जा किंवा जाऊ नका, पण पायांची ही तपासणी वर्षातून एकदा करून घ्या.

दाभोळ आणि लाडघर

उन्हवऱ्याहून दाभोळला आलो. वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. आदिलशाहीच्या काळात हे मोठे बंदर होते. खाडीकाठी त्याच काळातली शाही मशीद आहे, एक घुमट आणि चार मिनार. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, जाता आले नाही म्हणून तिने ही मशीद बांधवली, असे लोक सांगतात. दादांनी जुहरच्या जमाअतीची वेळ आधीच विचारून ठेवली होती. नमाज झाली, मुक्कामावरून आणलेल्या डब्यातली भाकरी आणि सुकटाची चटणी सावलीत बसून खाल्ली. माणसे आणि मोटारी घेऊन पलीकडे धोपावेला जाणारी फेरीबोट पाहताना लेण्यांची आठवण मुलगा विसरून गेला.

असरच्या आधी लाडघरच्या किनाऱ्यावर पोहोचलो. इथे तांबडे गोटे आहेत, त्यामुळे काठचे पाणी लालसर दिसते. अब्बांनी बूट काढले नाहीत. अम्मी वाळूवर जानमाज टाकून, बसून नमाज पढल्या. मगरिबला आम्ही दापोलीत परत होतो.

तुम्ही जाणार असाल तर

गाडी ठरवताना पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेणे नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला तर विम्याची अडचण येऊ शकते. भाडे दिवसाचे की किलोमीटरचे, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, चालकाच्या जेवणाचे काय, हे निघण्याआधी बोलून घ्या. चालक त्या भागातला आहे ना, हे जरूर विचारा.

दिवसाला तीन ठिकाणे पुरेत. नमाजच्या वेळांभोवती दिवस आखला की थांबे आपोआप ठरतात. डबा सोबत ठेवला तर जेवणाची चिंता राहत नाही.

झऱ्याच्या मुळाशी पाण्यात हातपाय घालू नका. कुंडातले पाणीही आधी हाताने पाहा, आणि ते ज्याची संवेदना शाबूत आहे त्याने पाहावे. लहान मुलांचा हात सोडू नका, ७० अंशांचे पाणी क्षणात भाजते. गरोदर बायकांनी, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. अंगावर जखम किंवा त्वचेचा आजार असेल तर इतरांचा विचार करून कुंडाबाहेर राहावे. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, उठताना सावकाश उठावे आणि नंतर पाणी प्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, यादी करताना घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्याच्या चालीने दिवस ठरवला तर बाकीच्यांचे फारसे काही हुकत नाही. अब्बांचे पाय आमच्या लक्षात आले ते त्या दिवशी घाई नव्हती म्हणून.

परवा जेवताना पुढच्या सुट्टीचा विषय निघाला. मी अम्मींकडे पाहिले. त्या भात वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राजापूरलाही असे पाणी आहे ना? तिथे पायऱ्या किती आहेत, ते आधी विचारून ठेवा."