टाचदुखी आणि एमआरआयचा अहवाल

महात्मा फुले मंडईत पहाटेपासून गाळ्यावर उभे राहणारे, पाट्या वाहणारे अनेक जण टाचदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. हल्ली बहुतेकांच्या हातात एमआरआयचे पाकीट असते आणि प्रश्नही ठरलेला असतो, 'डॉक्टर, हाड वाढलंय ना?'

अहवालात तसे लिहिलेले असते खरे. पण टाचेखालचे असे वाढलेले हाड कधीच न दुखलेल्या पायांतही सापडते. म्हणून फिल्म पाहण्याआधी मी रुग्णाला दुखऱ्या जागी बोट ठेवायला सांगतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेखाली कळ येत असेल, तर हाडापेक्षा तळपायाचा पडदा (प्लांटार फॅशिया) पाहावा. त्याची जाडी साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असते. तो त्याहून जाड आणि भोवती सूज असेल, तर दुखण्याचे कारण बहुधा तेच.

टाचेच्या मागे दुखत असेल तर अकिलिस कंडरा तपासावी. पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी ही दोरी. निरोगी कंडरा एमआरआयमध्ये काळीभोर दिसते, आडव्या छेदात तिची पुढची कड सपाट किंवा किंचित आत वळलेली असते. ती कड फुगली, कंडरा मध्येच चातीसारखी जाड झाली, की झीज समजावी. ही झीज बहुधा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर असते. मात्र चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन झाला तर चांगली कंडराही काही चित्रांत करडी दिसते! टी-टू चित्रात ती काळी असेल तर काळजी नको.

गेल्या पावसाळ्यात एक पाटीवाले लंगडत आले. ओझ्यासह पायरी चढताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले होते. पाऊल थोडे हलत होते, म्हणून घरच्यांनी लचक समजून हळद लावली आणि एमआरआयच्या पैशांची जुळवाजुळव चालवली. त्यात चार दिवस गेले. मी त्यांना पालथे झोपवून पोटरी दाबली. दुसऱ्या पायाचा पंजा हलला, या पायाचा हलला नाही. कंडरा तुटली होती. इतक्या स्पष्ट खुणा असताना एमआरआयसाठी थांबू नये. प्लॅस्टर की शस्त्रक्रिया हा निर्णय लवकर झालेला बरा.

सिप्रोफ्लॉक्सासिन गटातील गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. या औषधांनी कंडरा तुटू शकते.