आंकी 23.10 : नवं गणित, जुने समज

“काल-परवापर्यंत 2.1.66 होतं, आज एकदम 23.10? मधल्या वीसेक आवृत्त्या गेल्या कुठे?” कार्डं दाखवून उजळणी करून घेणाऱ्या आंकी या प्रोग्रामचं हे व्हर्जन आलं तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात पहिली शंका हीच आली. मधे काहीच गेलेलं नाही. 2.1 ही आवृत्ती 2018 मध्ये आली आणि पुढची पाच वर्षं फक्त शेवटचा आकडा वाढत राहिला. मग कर्त्यांनी पद्धतच बदलली: आधी वर्ष, मग महिना. 2023 चा ऑक्टोबर म्हणून 23.10. नावात एवढंच.

खरा बदल आत झाला आणि गैरसमजही त्याच्याभोवतीच जास्त आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डेमियन एल्म्स यांनी 2006 साली आंकी आणलं, तेव्हापासून त्यातलं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे एसएम-2 या गणिताच्या आधारावर ठरत होतं. ते पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी 1987 मध्ये सुपरमेमो या उजळणीच्याच प्रोग्रामसाठी मांडलेलं. 23.10 मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पर्याय आला, एफएसआरएस. हे काम चीनच्या जॅरेट ये यांचं, आणि तेही मुक्तस्रोत. 23.10 च्या आधीही ते वापरणारे हौशी होतेच, पण त्यासाठी सेटिंगमध्ये कोड आणून चिकटवावा लागे. आता एक स्विच दाबला की काम होतं.

“म्हणजे जुनं गणित चुकीचं होतं तर!” असंही नाही. त्यावर लाखो लोकांनी भाषा शिकल्या, डॉक्टरकीच्या परीक्षा दिल्या. पण त्याला एक खोड होती. एमपीएससीच्या तयारीतलं साधं कार्ड घ्या: घटनादुरुस्तीची तरतूद कोणत्या कलमात? उत्तर 368. प्रत्येक कार्डाला एक गुणक असतो, सुरुवातीला अडीच. दहा दिवसांनी विचारलं, आठवलं, ‘गुड’ हे बटण दाबलं की पुढची खेप साधारण पंचवीस दिवसांनी. पक्कं झालेलं कार्ड विसरलात की गुणक 0.20 ने उतरतो, उतरत उतरत 1.30 वर थांबतो. आता दहाचे जेमतेम तेरा दिवस होतात. पुढे ते कलम तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येऊ लागलं, तरी ‘गुड’ दाबून गुणक वर चढत नाही; त्यासाठी ‘ईझी’च दाबावं लागतं आणि ते बटण आपल्याकडची मुलं दाबायला बिचकतात. परिणाम असा की पुन्हा पुन्हा नापास ठरलेलं कार्ड महिनोन् महिने दारात उभं. एफएसआरएस कार्डाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. ते प्रत्येक कार्डाबद्दल तीन गोष्टींचा अंदाज बांधतं: कार्ड किती अवघड आहे, आठवण किती टिकाऊ झाली आहे आणि आज विचारलं तर आठवण्याची शक्यता किती.

इथे ‘अंदाज’ म्हटलं की लगेच “एआय आलं वाटतं!” असं लोक म्हणतात. एफएसआरएस तुमचं कार्ड वाचत नाही. त्यावर कलम 368 आहे, जपानी कांजी आहे की हाडांची नावं, याचा त्याला पत्ताच नसतो. ते बघतं फक्त नोंदी: कोणत्या दिवशी उजळणी केली आणि कोणतं बटण दाबलं. या नोंदींवरून ते 17 आकडे तुमच्यापुरते जुळवून घेतं (ही 23.10 ची संख्या, पुढच्या आवृत्त्यांत ती वाढली). हे जुळवणं तुमच्याच संगणकावर होतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. सुरुवातीला त्यासाठी किमान 1000 उजळण्यांची अट होती, ती नंतर सैल झाली. नवख्या माणसाला अडत नाही, कारण इतरांच्या भरपूर नोंदींवरून काढलेले आकडे आधीच भरलेले असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टक्क्यांचा. सेटिंगमध्ये ‘अपेक्षित स्मरण’ अशा अर्थाचा एक रकाना आहे, त्यात 90 टक्के भरलेले असतात. परीक्षेच्या मार्कांची सवय असलेला आपला विद्यार्थी तो आकडा बघतो आणि म्हणतो, नव्वदच का? सत्त्याण्णव करू. ते 90 म्हणजे तुमच्या एकूण अभ्यासातलं किती डोक्यात राहील याचा आकडा नव्हे. कार्ड पुन्हा समोर येईल त्या दिवशी ते आठवण्याची शक्यता 90 टक्के असावी, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांची पाळी अजून आलेली नाही ती कार्डं त्याहून ताजी असतात, म्हणजे सगळ्यांची सरासरी 90 च्या वरच राहते.

आणि आकडा चढवायची किंमत बघा. समजा एखादं कार्ड 90 टक्क्यांच्या हिशेबानं 100 दिवसांनी येणार आहे. 23.10 मधल्या सूत्रात 95 घातले तर तेच कार्ड सुमारे 47 दिवसांनी येईल, 97 घातले तर 28 दिवसांनी. उलट 80 वर समाधान मानलंत तर 225 दिवसांनी. वरच्या सात टक्क्यांसाठी तेच कार्ड साडेतीनपट वेळा बघायचं. दोन-अडीचशे कार्डं असलेल्याला हे चालून जाईल, दहा हजार असलेल्याला नाही. माझ्या मते बहुतेकांनी 90 ला हात लावू नये. आवाक्याबाहेर ढीग साचत असेल तर खाली यावं, वर जाऊ नये.

दुसरा मोठा घोळ ‘हार्ड’ या बटणाचा. तो सॉफ्टवेअरपेक्षा आपल्या स्वभावाचा आहे. कार्ड समोर आलं: घटनादुरुस्ती कोणत्या कलमात? मनात आलं, 356. उत्तर उघडलं, 368. “अरे हो की, 356 म्हणजे राष्ट्रपती राजवट, माहीत होतं मला, अगदी जिभेवर होतं!” आणि बोट जातं ‘हार्ड’वर, कारण ‘अगेन’ म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं. पण चार बटणांपैकी विसरल्याची कबुली फक्त ‘अगेन’मध्ये आहे. ‘हार्ड’, ‘गुड’ आणि ‘ईझी’ ही तिन्ही बटणं ‘आठवलं’ असंच सांगतात. जुन्या गणितात ही लबाडी फारशी अंगाशी येत नसे, कारण ‘हार्ड’नं दहाचे बाराच दिवस होत. एफएसआरएस तुमच्या नोंदींवर विश्वास ठेवतं. वर्षभर विसरलेल्या कार्डांवर ‘हार्ड’ दाबत आलात, तर त्याचा समज होतो की हा माणूस कष्टानं का होईना, पण विसरत नाही. मग ते तारखा लांबच लांब देऊ लागतं आणि लोक म्हणतात, नवं व्हर्जन बिघडलंय. नंतरच्या आवृत्त्यांत ठरावीक तारखेआधीच्या उजळण्या हिशेबातून वगळायची सोय आली, जुनी सवय असलेल्यांनी ती वापरावी.

“स्विच दाबला की सगळ्या कार्डांच्या तारखा उलट्यापालट्या होतात” ही भीतीही बरेच जण बाळगून आहेत. आपोआप तसं होत नाही. नवं गणित लागू होतं ते त्या त्या कार्डाला तुम्ही पुढचं उत्तर द्याल तेव्हा. सगळ्या तारखा लगेच नव्यानं ठरवायच्या असतील तर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती उत्साहाच्या भरात केली की कधी कधी एका सकाळी शेकडो कार्डं पुढ्यात येतात, आणि पुढे ही हकिगत ‘आंकीनं माझा अभ्यास उडवला’ अशा नावानं फिरते.

फोन आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्यांनी एक बघावं. संगणकावर 23.10 आलं तेव्हा अँड्रॉइडवरच्या आंकीड्रॉइडला एफएसआरएस कळत नव्हतं, ते 2.17 पासून कळू लागलं. त्याआधीचं ॲप फोनवर ठेवून संगणकावर नवं गणित चालू केलं की एकाच कार्डाला दोन ठिकाणी दोन हिशेब लागतात.

मुक्तस्रोत या शब्दावरूनही थोडं सांगायला हवं. “मुक्तस्रोत, म्हणजे माझी कार्डं कुणीही बघणार?” नाही. खुला आहे तो प्रोग्रामचा कोड, एजीपीएल परवान्याखाली. तुमची कार्डं तुमच्या संगणकावरच्या एका फाइलमध्ये असतात. सिंक केलंत तर ती आंकीवेब या आंकीच्या सर्व्हरवरही जातात, पण तुम्ही स्वतः वाटल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत. “मुक्तस्रोत, म्हणजे सगळं फुकट” हेही अर्धंच खरं. संगणकावरचं आंकी फुकट आहे, आंकीवेब फुकट आहे, स्वयंसेवकांनी चालवलेलं आंकीड्रॉइडही फुकट आहे. आयफोनवरच्या ॲपला मात्र एकदाच सुमारे 25 डॉलर मोजावे लागतात, आणि संगणकावरच्या आंकीचा नि आंकीवेबचा खर्च बराचसा त्यातूनच निघत आला आहे. स्टोअरमध्ये ‘आंकी’ शोधलं की याच नावाशी मिळतीजुळती, दर महिन्याला पैसे मागणारी इतर ॲपही दिसतात. त्यांचा या प्रकल्पाशी संबंध नाही.

वापरून बघितलं आणि नाही पटलं, तर स्विच बंद करता येतो. एसएम-2 काढून टाकलेलं नाही, उजळण्यांच्या नोंदी जागच्या जागी राहतात. नव्या गणितानं आधीच दिलेल्या तारखा मात्र त्या त्या कार्डाच्या पुढच्या उत्तरापर्यंत तशाच राहतील.