खान्देशातील कोरोनाचे आकडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दैनंदिन पत्रकात नाशिक मंडळाखाली जळगाव आणि धुळे ही नावे दोन-दोनदा यायची. एक ओळ ‘जळगाव’, पुढची ‘जळगाव मनपा’. तसेच ‘धुळे’ आणि ‘धुळे मनपा’. बिनमनपाची ओळ म्हणजे अख्खा जिल्हा, असे समजून तेवढीच ओळ कापून व्हॉट्सॲपवर फिरवली जाई, आणि जिल्ह्याचा आकडा कमी झाला म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकत. प्रत्यक्षात त्या ओळीत महापालिकेची हद्द वगळून उरलेला जिल्हा असे. त्याला ‘ग्रामीण’ म्हणणेही चूकच, कारण भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव ही नगरपालिकांची दाट वस्तीची शहरे याच ओळीत मोडत. धुळ्याच्या बाबतीत शिरपूर आणि दोंडाईचा. मालेगाव महापालिकेला तर वेगळीच ओळ होती. ते शहर धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर असले, तरी त्याचे रुग्ण नाशिक जिल्ह्यात मोजले जात.

दुसरा घोळ तारखेचा. जिल्हा प्रशासनाची संध्याकाळची तालुकानिहाय यादी आणि राज्याचे पत्रक एकमेकांशी जुळत नसत, आणि लगेच ‘आकडे लपवतात’ अशी कुजबुज सुरू होई. नोंद बंद करण्याची वेळ दोन्हीकडे वेगळी असे. शिवाय एकाच रुग्णाची दुबार झालेली नोंद काढणे, पत्त्याप्रमाणे रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करणे ही दुरुस्ती मागाहून होई. सुरुवातीला तर जळगावचे स्वॅब आधी पुण्याला आणि नंतर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. जळगावला स्वतःची प्रयोगशाळा पुढे मिळाली. त्यामुळे ‘आजचे बाधित’ म्हणजे आज अहवाल आलेले. लागण त्याआधी आठवडाभर झालेली असू शकते. रविवारी तपासण्या कमी होत, म्हणून सोमवार-मंगळवारचा आकडा खाली येई. एका दिवसाच्या चढउतारापेक्षा सात दिवसांची सरासरी पाहिलेली बरी, ती याच कारणाने.

बाधितांची संख्या म्हणजे लागण झालेल्यांची संख्या, हा समज सर्वात खोलवर रुजलेला होता. पत्रकातील आकडा फक्त तपासणीत सापडलेल्यांचा असे. हा फरक किती मोठा, हे मोजण्याच्या कामात जळगाव जिल्हा स्वतः सामील होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. महाराष्ट्रातून बीड, नांदेड, परभणी, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे जिल्हे निवडले होते. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे किंवा वॉर्ड आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे चाळीस प्रौढ, म्हणजे जिल्ह्यामागे चारशे नमुने. त्या पहिल्या फेरीत देशातल्या ०.७३ टक्के प्रौढांना लागण होऊन गेल्याचे दिसले. टक्केवारी क्षुल्लक वाटते. पण तिचा अर्थ असा निघाला की नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे तेव्हा ८२ ते १३० जण बाधित होऊन गेले होते. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोहोचले. चारशे नमुन्यांवरून बेचाळीस लाखांच्या जिल्ह्याचे काय कळणार, ही शंका रास्त आहे. एकट्या जिल्ह्यापुरता तो अंदाज ढोबळच राहतो. देशाचे चित्र मात्र सत्तर जिल्हे एकत्र धरल्यावर बऱ्यापैकी स्पष्ट होते.

मृत्यूदराच्या बाबतीत जळगावचे नाव देशभर गाजले. जिल्ह्यातला पहिला रुग्ण २८ मार्च २०२० रोजी आढळला आणि जूनच्या पूर्वार्धात जिल्ह्याचा मृत्यूदर १२ टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा देशाचा दर ३ टक्क्यांखाली होता. ‘जळगावात शंभरातले बारा दगावतात’ असे वाक्य तोंडोतोंडी झाले. पण हा भागाकार आहे: वर मृत्यू, खाली सापडलेले रुग्ण. तपासणी कमी आणि तीही प्रामुख्याने अत्यवस्थ होऊन सिव्हिलला आलेल्यांची असेल, तर खालचा आकडा आकसतो आणि भागाकार फुगतो. गावोगावी सौम्य आजार अंगावर काढणारे त्या छेदात येतच नाहीत. पुढे तपासण्या वाढल्या, रुग्ण लवकर येऊ लागले आणि साथ ओसरली तेव्हा जिल्ह्याचा एकूण दर दोन टक्क्यांखाली आला. अर्थात सगळा दोष भागाकारावर ढकलणेही बरोबर नाही. त्या सुरुवातीच्या महिन्यांत उपचार उशिरा मिळत होते आणि व्यवस्था कोलमडली होती. जूनमध्ये जिल्हाधिकारी बदलले गेले. १२ टक्क्यांत खरे संकट किती आणि तोकडा छेद किती, हे त्या एका आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी दर लाख लोकसंख्येमागे तपासण्या किती आणि दाखल झाल्यापासून किती तासांत मृत्यू, हे पाहावे लागते.

‘आज इतके मृत्यू’ या मथळ्यातही अशीच गफलत होती. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने एका दिवसात १,४०९ मृत्यू दाखवले. त्यांपैकी १,३२८ जुने होते आणि ताळमेळ घालताना त्या दिवशी यादीत आले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ३,५०९ जुन्या मृत्यूंची भर पडली आणि देशाचा त्या दिवसाचा आकडा ३,९९८ झाला. दोन्ही वेळा साथ एका रात्रीत भडकलेली नव्हती. मागची बाकी वहीत चढली होती.

नोंदलेले मृत्यू म्हणजे सगळे मृत्यू, असेही नाही. पत्रकात चाचणीने सिद्ध झालेलेच मृत्यू धरले जात. सीटी स्कॅनचा स्कोअर पंधरा-अठरा, पण आरटीपीसीआर निगेटिव्ह, असे रुग्ण दुसऱ्या लाटेत घरटी ऐकू येत. ते ‘संशयित’ राहत आणि बाधितांच्या यादीत येत नसत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळू लागले, तेव्हा चाचणीनंतर ३० दिवसांत घरी झालेले मृत्यूही पात्र ठरले. जानेवारी २०२२ मध्ये राज्यात नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अनुदानाचे अर्ज दोन लाखांवर गेले होते. अर्जांत दुबार आणि अपात्रही असतात, म्हणून तोही आकडा अंतिम मानता येत नाही. सर्वात भरवशाचा आधार जन्म-मृत्यू नोंदणीचा. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असली, तरी सगळी नव्हे.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्राने सर्वाधिक सक्रिय रुग्णांचे दहा जिल्हे जाहीर केले. नऊ महाराष्ट्रातले, आणि त्यांत पुणे, नागपूर, मुंबई, ठाणे यांच्या जोडीला जळगाव. धुळे यादीत नव्हते. त्यावरून धुळे सुरक्षित ठरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४२.३ लाख आणि धुळ्याची २०.५ लाख. निम्म्या लोकसंख्येच्या जिल्ह्यात निम्मे रुग्ण असले तरी धोका सारखाच असतो. नुसत्या संख्येच्या यादीत तो वर येत नाही, इतकेच.

आकडा तोच आणि अर्थ बदलला, याचा अनुभव दोन्ही जिल्ह्यांनी जून २०२१ मध्ये घेतला. राज्याने निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तर ठरवले. बाधित निघण्याचा दर ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर. जळगाव आणि धुळे दोन्ही त्यात बसले, बाजारपेठा खुल्या झाल्या. २५ जूनला नवा आदेश आला: कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली धरायचा नाही, आणि दर काढताना फक्त आरटीपीसीआर चाचण्या मोजायच्या, अँटिजेन नाही. दुसऱ्या अटीला शास्त्रीय कारण होते. झटपट होणारी अँटिजेन चाचणी बऱ्याच बाधितांना चुकून निगेटिव्ह ठरवते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सुरुवातीच्या पडताळणीत तिने खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच पकडले होते. अशा चाचण्या भरमसाट केल्या की दर आपोआप उतरतो. व्यापाऱ्यांची तक्रार होती, ‘रुग्ण तर वाढले नाहीत, मग दुकान चारलाच बंद का?’ रुग्ण वाढले नव्हते, हे खरेच होते. पट्टी बदलली होती.

त्या आदेशामागे विषाणूचा डेल्टा प्लस हा प्रकार होता, आणि त्यातही जळगाव पुढे. २१ जूनला राज्यात असे २१ रुग्ण जाहीर झाले: रत्नागिरीत ९, जळगावात ७. ऑगस्टच्या सुरुवातीला ४५ पैकी १३ जळगावचे, म्हणजे राज्यात सर्वाधिक. ‘नवा विषाणू जळगावातून पसरतोय’ हा निष्कर्ष लोकांनी लगेच काढला. परंतु विषाणूचा प्रकार नेहमीच्या चाचणीत कळत नाही; त्यासाठी जनुकीय क्रमनिर्धारण करावे लागते आणि ते निवडक नमुन्यांचेच होते. २१ जूनचे रुग्ण सुमारे साडेसात हजार नमुन्यांतून सापडले होते. जिथले नमुने जास्त, तिथे सापडण्याची शक्यता जास्त. शून्य दाखवणाऱ्या जिल्ह्यात तो नव्हता की पाहिलाच गेला नव्हता, हे यादी सांगत नाही.

लसीच्या आकड्यांत सर्वाधिक गोंधळ परिणामकारकतेचा. ९५ टक्के म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या पाच जणांना आजार होणार, असे पुष्कळांना वाटते. फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसते खारे पाणी. ठरलेल्या मुदतीत १७० जण आजारी पडले: बिनलसीच्या गटात १६२, लसीच्या गटात ८. धोका वीस हिश्श्यांतल्या एकोणीस हिश्श्यांनी घटला, तो हा ९५ टक्के. लस न घेतलेल्यांतही त्या काळात शंभरातला एकसुद्धा पुरता आजारी पडला नव्हता. कोव्हिशील्डमागच्या चाचण्यांचा ७०.४ आणि कोव्हॅक्सिनचा ७७.८ हे आकडे शेजारी मांडून ‘कोणती चांगली’ ठरवणे मात्र फसवे. पहिल्या मुख्यतः ब्रिटन आणि ब्राझीलमध्ये २०२० साली झाल्या, दुसरी भारतात २५,८०० लोकांवर, बरीचशी डेल्टाच्या काळात. परीक्षा वेगळ्या, पेपर वेगळे.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबरला देशाने १०० कोटींचा टप्पा ओलांडला. ते डोस होते, माणसे नव्हेत. दोन्ही डोस पूर्ण झालेले त्यात सुमारे २९ कोटी. मे अखेरीस दुसऱ्या डोसचे आकडे गडगडले, तेव्हा ‘लोक फिरकत नाहीत’ अशी ओरड झाली. पण १३ मे रोजी कोव्हिशील्डच्या दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले गेले होते. ज्यांची पाळी आली असती, त्यांची पाळीच पुढे ढकलली गेली. तालुक्याची टक्केवारीही जपून वाचावी लागे. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर डोस केंद्राच्या गावी मोजला जाई, राहत्या घरी नाही. १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी खुली झाल्यावर शहरातले तरुण मिळेल त्या खेड्यातला स्लॉट पकडत. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या माणसाने रावेरला डोस घेतला, तर तो महाराष्ट्राच्या खात्यात. वर अंश असा फुगे आणि खाली छेद म्हणून २०११ वरून काढलेली अंदाजी लोकसंख्या. काही ठिकाणी टक्केवारी शंभरापलीकडे जाई, ती अशी.

‘रुग्णालयात तर लस घेतलेलेच जास्त’ हे निरीक्षण अनेकदा खरे असते आणि त्यावरचा निष्कर्ष चुकीचा. समजा, हजार वस्तीच्या गावात ९०० जणांनी लस घेतली. त्यांतले ९ दाखल झाले आणि उरलेल्या १०० पैकी ५. दाखल १४ पैकी ९, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश, लस घेतलेले. पण धोका एकीकडे १ टक्का, दुसरीकडे ५.

लसीनंतर झालेला मृत्यू लसीमुळेच झाला, हाही असाच घाईचा निष्कर्ष. राज्याच्या सर्वसाधारण मृत्युदराने, दर हजारी वर्षाला साडेपाचच्या आसपास धरले, तरी जळगाव जिल्ह्यात साथ नसतानाही रोज साठच्या वर माणसे दगावतात. वयस्कांना आधी लस दिल्यावर त्यांतले काही जण पुढच्या पंधरवड्यात गेलेच असते. म्हणून लसीकरणोत्तर घटनांची समिती प्रत्येक गंभीर प्रकरण तपासते आणि त्या काळात एरवी किती मृत्यू अपेक्षित होते, ते पाहते. तपासात लसीशी संबंध निघतही असतो: लसीमुळे आलेल्या तीव्र ॲलर्जीने झालेला एक मृत्यू समितीने जून २०२१ मध्ये मान्य केला. मे महिन्यात कोव्हिशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण दर दहा लाख डोसमागे ०.६१ असे जाहीर झाले. ब्रिटनमध्ये तेव्हा ते ४ आणि जर्मनीत १० होते. भारतीयांना हा त्रास कमी होतो, असे त्यावरून पक्के म्हणता येत नाही. ज्या देशात घटना नोंदवण्याची यंत्रणा अधिक बारकाईने चालते तिथे आकडा मोठा दिसतो, आणि गुठळीचे निदान व्हायला आधी रुग्णाला तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचावे लागते.